तापात गेलेली भीती

खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून मी गेले, तेव्हा घरमालकीण घरात नव्हती. ती वर होती, यंत्रमागाच्या शेडच्या पत्र्यावर. पत्र्याच्या अगदी कडेला उकिडवी बसून शेजारच्या शेवग्याची फांदी आकडीनं ओढत होती आणि शेंगा खाली टाकत होती. खाली अंगणात तिचे यजमान दोन्ही हात वर करून उभे होते. मला वाटलं, शेंगा झेलताहेत. मग लक्षात आलं, शेंगा त्यांच्या पायाशी पडत होत्या आणि ते एकही उचलत नव्हते. ते हात बायकोसाठी होते.

"खोलीला आलीस काय? चावी खिळ्याला हाय बघ. उघड, आवडली तर राहा की," तिनं वरूनच सांगितलं. नाव, गाव, नोकरी काही विचारलं नाही. ते सगळं यजमानांनी विचारलं, तेही माझ्याकडं न बघता, वर बघत.

मी तेव्हा केम या माझ्या गावाहून सोलापुरात नुकतीच आले होते. एका स्कॅन सेंटरमध्ये डॉक्टर सांगतील तो रिपोर्ट टाइप करायची नोकरी होती. घर पूर्वभागात, यंत्रमागांच्या गल्लीत. यजमानांनी स्वतःचे माग कधीच विकून टाकले होते, शेड नुसती उभी होती. पण दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये टॉवेलचे माग दिवसभर खडखडायचे. त्या खडखडाटात माझ्या छातीचे ठोके मला ऐकू येणार नाहीत, हे त्या खोलीचं मला वाटलेलं पहिलं सुख.

कारण मी तशी होते. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत वर जाणारी. कुलूप ओढून बघणारी, मग ओढलं होतं का ते आठवत नाही म्हणून पुन्हा येऊन ओढणारी. रिक्षात बसले की रिक्षा उलटेल, आईचा फोन आला की घरी काहीतरी झालं असेल. कधी कधी तर कारणही लागायचं नाही. बसल्या जागी हातापायांना मुंग्या, घशात आवळा अडकल्यासारखं, छातीत धडधड, आणि आता मी मरणार अशी पक्की खात्री. दोनदा ईसीजी काढून झाला होता. हृदय ठणठणीत होतं. आई फोनवर म्हणायची, "काय न्हाय गं, उष्णता हाय अंगात. सब्जा पी." मी सब्जा पीत होते आणि मरत होते.

अशी मी अम्माच्या घरात राहायला आले. तिला सगळी गल्ली अम्मा म्हणायची. तेलुगू घर होतं, पण गल्लीतले मराठी, कानडी, मुसलमान सगळे अम्माच म्हणत. ती मात्र कुणाचंच नाव घ्यायची नाही. नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. लहान पोरापासून दूधवाल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ती 'बाळ' म्हणायची. दूधवाला तिच्याहून मोठा असेल.

तिच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीला पाठ लावायची तयारी हवी. ती इतकी जवळ येऊन उभी राहायची, की तिच्या तोंडातल्या बडीशेपेचा वास यायचा. आपण एक पाऊल मागं गेलो की ती एक पाऊल पुढं. तिला ते कळायचंच नाही. गल्लीतल्या बायकांना सवय झाली होती. अम्मा येताना दिसली की त्या आधीच दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहत, म्हणजे पडायला नको.

संध्याकाळी ती मालिका बघायची. एकदा मी शेजारी बसले होते. पडद्यावर नायिकेचे डोळे विस्फारले होते, तोंड उघडं, कपाळावर घाम. मागं वाद्यांचा कल्लोळ. अम्मानं मला कोपरानं ढोसलं. "हिला काय झालं गं? शिंक येतेय काय?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. हसले. ती हसली नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. नायिका रडली की अम्माच्या डोळ्यात पाणी यायचं, सासू चिडली की अम्मा सासूला तेलुगूतून शिव्या द्यायची. पण कुणी घाबरलं, की अम्मा त्या चेहऱ्याकडं परक्या भाषेतली पाटी वाचल्यासारखी बघत राहायची.

तिचं एक वाक्य होतं. "मग काय होतंय?" उकळतं तेल इतकं काठोकाठ नको म्हटलं, मग काय होतंय? ओल्या हातानं बटण दाबू नको, मग काय होतंय? आपण हे वाक्य फुशारकी म्हणून वापरतो. ती विचारायची. उत्तर ऐकायला थांबायची. "करंट लागतो, अम्मा." "व्हय काय? बरं," म्हणायची आणि दाबायची.

गल्लीच्या तोंडाशी एक कुत्री व्याली होती. पिलांजवळ कुणी गेलं की अंगावर यायची. अम्मानं सरळ पिलांत हात घातला. मनगटाला चांगले दात लागले. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तिला सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं देऊन आणली. पट्टी अजून निघाली नव्हती, तर अम्मा पुन्हा त्याच पिलांत हात घालून बसलेली. "अगं, परवाच चावली ना तुला!" मी ओरडले. "व्हय, चावली की," ती म्हणाली. अगदी खरं. आठवत सगळं होतं. दुखलेलंही आठवत होतं. त्या आठवणीनं हात मात्र मागं येत नव्हता.

काका तिच्यामागं सावलीसारखे असायचे. माग विकल्यावर त्यांना दुसरा उद्योग उरला नव्हता असं लोक म्हणत, पण खरं तर माग त्यांनी ह्याच उद्योगासाठी विकले होते. रस्ता ओलांडताना ते तिचं मनगट धरत. घरात सुऱ्या कुठं, काडेपेटी कुठं, पत्र्यावर चढायची शिडी कुठं, सगळ्याला कुलूप आणि किल्ल्या त्यांच्या करदोट्याला. शिडीला कुलूप असलेलं मी बघितलेलं ते एकच घर. तरी त्या दिवशी ती पत्र्यावर पोचली होतीच, शेजाऱ्यांच्या जिन्यावरून.

एका सकाळी चौकात दोन पोरांची जुंपली. एकाच्या हातात कोयता होता. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. मी सेंटरला निघाले होते. मी एका बंद शटरला पाठ लावून डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा अम्मा त्या कोयतेवाल्याच्या नाकाला नाक लावून उभी होती.

"कुणाचा रे तू बाळ? जेवलास काय?"

तो पोरगा मागं सरकला. अम्मा पुढं. तो अजून मागं. असं करत करत तो गटारीत गेला आणि लोकांनी कोयता काढून घेतला.

मग काय, महिला दिनाला मंडळानं अम्माचा सत्कार केला. शाल, नारळ, 'पूर्वभागाची रणरागिणी' असा फलक. अम्मा प्रमुख पाहुण्यांच्या इतकी जवळ बसली, की ते पूर्ण कार्यक्रमभर तिरके बसले होते. काका सत्काराला आले नाहीत. मी नारळ घेऊन घरी आले तेव्हा ते ओसरीवर लसूण सोलत होते.

"धाडशी म्हणतात तिला," ते म्हणाले. "धाडस म्हणजे भीती गिळून करायचं असतं ना बाळा? हिच्याकडं गिळायलाच काही नाही."

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. लसणाच्या पाकळ्या सोलत, मध्येच उठून दारातून अम्मा कुठं आहे ते बघून येत, पुन्हा बसत.

काही वर्षांपूर्वी अम्माला ताप आला होता. साधा वाटला. मग ती बडबडू लागली, झटके आले, शुद्ध गेली. ताप मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी आशा सोडा असं तोंडानं म्हटलं नाही, पण तसं बघितलं. पुष्कळ दिवसांनी तिनं डोळे उघडले, चहा मागितला. नावं तेवढी विसरली, बाकी ठीक. सगळ्या नात्यात पेढे वाटले.

"आणि त्याच्या आधी कशी होती माहितीये?" काका हसले. "पाल दिसली की पाटावर चढायची. ढग गडगडले की गादीखाली. माझे माग चालू असायचे तेव्हा शेडमध्ये एकटी यायची नाही, म्हणायची पट्टा तुटून येईल. मी जरा उशिरा आलो की दारात उभी, तोंड एवढंसं झालेलं. मला लई वैताग यायचा तेव्हा. आई पण म्हणायची, कसली भागुबाई केलीस." ते उठून दारातून अम्माला बघून आले. "दवाखान्यातून आणली त्या आठवड्यात न्हाणीत पाल निघाली. हिनं हातानं उचलून बाहेर टाकली आणि हात पुसून पोळ्या लाटायला बसली. आई खूश झाली. म्हणाली, देवानं भीती घालवली. चेहरा तिचा, चहा तिचा, हसणं तिचं. पण माझी भित्री बायको काय परत आली नाही."

दुसऱ्या दिवशी मी अम्माच्या जुन्या स्कॅनच्या फिल्म पिशवीत घालून सेंटरला घेऊन गेले. ज्यांचे रिपोर्ट मी टाइप करायची त्या डॉक्टर मॅडम बोलायला तुटक, पण फिल्म दिव्यावर लावली की त्यांचा सूर बदलायचा. त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"हे बघ. कानशिलाच्या आत, खोल, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो. डोळ्यांना, कानांना जे कळतं त्यात धोका आहे का, हे तो आधी ओळखतो. आपल्याला विचार सुचायच्या आत. छाती धडधडते, पाय मागं येतात, ते त्याच्या हुकुमानं. हिचे दोन्ही गेलेत. तापानं खाल्लेत. हा काळा भाग दिसतोय ना, तिथं आता पाणी आहे."

"म्हणून ती कुत्र्याला भीत नाही?"

"भीत नाही आणि शिकतही नाही. एकदा भाजलं की हात आखडतो, ते शिकवणाराही तोच."

मी टाइप करताना हजार वेळा लिहिलेले मेंदूच्या भागांचे इंग्रजी शब्द पहिल्यांदाच मला माणसासारखे दिसले. फिल्म पिशवीत घालता घालता मी विचारून टाकलं. "आणि कुणाचा तो भाग उगीचच वाजत असेल तर?"

मॅडमनी माझ्याकडं नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"कपाळामागचा मेंदू त्याला समजावत असतो, गप्प, काही नाही झालं म्हणून. कधी तो भाग जरा जास्तच तापट असतो, कधी समजावणारा कमी पडतो. तो आजार आहे, नखरा नाही. त्याला डॉक्टर असतात. गेलीयेस का?"

गेले नव्हते. केममध्ये कुणाला कळलं तर, हेच आधी डोळ्यापुढं आलं. मेंदूच्या डॉक्टरकडं गेलेल्या मुलीला वेडी म्हणायला गावाला वेळ लागत नाही. मी हो हो म्हणाले आणि विषय तिथंच टाकला.

तो गड्ड्यात बाहेर आला. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला सोलापुरात गड्डा म्हणतात. त्यात मोठाले पाळणे येतात. अम्माला पाळण्यात बसायचं होतं. काका बसायला तयार नव्हते आणि तिला एकटीला सोडायला त्याहून नव्हते. "तू जा बाळा तिच्याबरोबर, धरून बस," असं त्यांनी मला सांगितलं. भित्र्या माणसाला नाही म्हणायचीही भीती असते. मी बसले.

आमचा पाळणा अगदी वर आला आणि चाक थांबलं. खाली माणसं उतरत होती, चढत होती. अम्मा उभी राहिली.

"ते बघ, गिरणीची चिमणी दिसली गं! आपलं घर त्या बाजूला. ए, आपला शेवगा दिसतोय काय बघ!" ती पुढं वाकली. पाळणा कलंडला. दांडी माझ्या हातातून घामानं सुटली. मुंग्या बोटांपासून कोपरापर्यंत चढल्या. श्वास वरच्या वर होऊ लागला. "बस खाली" म्हणायचं होतं, तोंडातून नुसता वारा येत होता.

अम्मानं वळून बघितलं. माझ्या चेहऱ्याला चेहरा लावून बघितलं. "रागावलीस?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"झोप येतेय?"

खाली आल्यावर मी मातीत बसले आणि ओकले. काकांनी पाणी आणलं. अम्मा समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काय झालं तुला ते मला सगळं सांग."

मला आजवर सगळ्यांनी 'काही नाही होत' एवढंच सांगितलं होतं. काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. मुंग्या, आवळा, ठोके, मरणार ही खात्री. रडत सांगितलं. ती एखादी लांबच्या देशाची हकीकत ऐकावी तसं डोळे मोठे करून ऐकत होती. "आणि मग? छातीतच होतंय का पोटात पण? आणि मग थांबतंय कसं?" भजी तळणारा, फुगेवाला, सगळे ऐकत होते. मला लाज वाटायची राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिनं काकांना सोबत घेऊन मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. बाहेर बाकावर मी तोंडाला ओढणी बांधून बसले होते, कुणी ओळखू नये म्हणून. अम्मा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या पोरीला भीती जास्त झालीये, कमी करायला आणलंय." जसं काही मीठ जास्त झालंय. आत गेल्यावर डॉक्टरांनी मला नीट विचारलं, गोळी लिहून दिली, श्वास कसा सोडायचा ते करून दाखवलं, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. निघताना अम्मा टेबलावरून ओणवी होऊन त्यांच्या अगदी तोंडाजवळ गेली.

"डॉक्टर बाळ, हिची थोडी काढून मला घालता येत नाही काय?"

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत होते.

मला गोळीचा आणि त्या बोलण्याचा हळूहळू गुण येऊ लागला. कुलूप एकदाच ओढून जिना उतरता यायला लागलं. धडधड येत होती, पण जातही होती, आणि ती जाते हे मला आता ठाऊक होतं. अम्मा तशीच होती. तिला गोळी नव्हती.

मग तो उन्हाळा आला. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नसतो. ज्याच्याकडं हौद मोठा तो श्रीमंत. काकांच्या रिकाम्या शेडमध्ये जमिनीत एक जुना हौद होता. माग चालू असताना सुताला लावायच्या खळीचं पाणी त्यात साठवायचे. माग गेले तसा त्यावर लोखंडी झाकण पडलं होतं. तो साफ करून प्यायच्या पाण्याला नको, निदान धुण्याभांड्याला वापरू, असं अम्माच्या डोक्यात शिरलं. काका म्हणाले, माणूस बोलावतो, तोवर झाकणाला हात लावू नको. आणि रविवारी सकाळी वर्षाचे कांदे घ्यायला ते बाजारात गेले. मी घरात होते म्हणून गेले.

मी केस धुऊन बाहेर आले तर शेडमध्ये झाकण उघडलेलं. आंबलेल्या पेजेसारखा वास येत होता. अम्मा पदर खोचून, खराटा आणि बादली घेऊन हौदातल्याच लोखंडी शिडीवर कमरेपर्यंत आत.

"अम्मा, बाहेर ये! काका नको म्हणालेत! कोंडलेला हौद आहे, आत हवा नसते!"

"मग काय होतंय?" ती म्हणाली, आणि डोकंही आत गेलं.

मी कडेला गुडघ्यावर बसले. आत अंधार. खराट्याचा खसखस आवाज येत होता. मी हाका मारत होते, ती ओ देत होती. शेजारच्या मागवाल्यांना बोलवावं तर तिथून उठायचा धीर होत नव्हता. खराट्याचा आवाज हळू झाला. मग थांबला.

आणि मग आतून जो आवाज आला, तो अम्माचा आहे हे मला कळलंच नाही. जनावराचा वाटला. बादली भिंतीवर आदळली. शिडी खणखणली. अंधारातून तिचा चेहरा वर आला. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, मानेच्या शिरा फुगलेल्या. ती वर येत होती आणि पाय घसरून पुन्हा खाली जात होती. "ऊपिरि! ऊपिरि!" ती ओरडत होती. श्वास, श्वास. मी पालथी पडले, तिच्या दंडांना धरलं. तिनं माझे हात असे पकडले, की नखं रुतली. तिला स्वतःलाच वर यायचं होतं म्हणून ती आली. माझी ताकद नव्हती तेवढी. छातीवर सरपटत बाहेर आली, तरी थांबेना. सरपटतच शेडच्या दारापर्यंत गेली, उन्हात गेली, अंगणाच्या भिंतीला जाऊन धडकली आणि तिथं मला घट्ट कवळून थरथरत बसली.

माझ्या ओरडण्यानं शेजारच्या शेडमधली माणसं धावून आली. त्यांतल्या एका वयस्क मागवाल्यानं हौदाच्या तोंडाशी वाकून वास घेतला, झाकण पायानं ढकलून बंद केलं आणि कानाला हात लावला. "पूर्वी एका मिस्त्रीची दोन माणसं अशाच हौदात गेली होती. आवाजपण न करता. ही बाहेर कशी आली?"

अम्मा बोलायच्या स्थितीत नव्हती. तिचे दात वाजत होते. मला डॉक्टरांनी शिकवलेलं तेवढं येत होतं, ते मी केलं. "माझ्याकडं बघ. श्वास सोड. हळू. अजून सोड." ती बघत होती. ते डोळे मी ओळखत होते. आरशात बघितले होते.

बऱ्याच वेळानं तिचे हात सैल झाले. तिनं छातीवर हात ठेवला, ठोके मोजल्यासारखा.

"हे काय होतं गं?"

"भीती होती, अम्मा."

मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "हे तुला होत होतं? हे होऊन तू परत कामाला जात होतीस?"

मी हो म्हणाले.

"बाबा रे," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात इतक्या मोठ्या मानानं कुणी माझ्याकडं बघितलेलं नाही.

काका कांद्याची पोती रिक्षात घालून आले, तोवर सगळं निवळलं होतं. अम्मा तोंड धुऊन चहा पीत बसली होती आणि जमलेल्या बायकांना 'असं झालं, मग असं झालं' म्हणून हातवारे करून सांगत होती. बायका घाबरून ऐकत होत्या, अम्मा मजेत होती. काकांनी पोती अंगणात तशीच टाकली. तिला हातापायांना, डोक्याला चाचपून बघितलं. तिच्या चेहऱ्याकडं मात्र ते किती तरी वेळ बघत होते, काहीतरी शोधत असल्यासारखे.

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "उंची, कुत्रं, कोयता, हे बाहेरचे धोके. ते ओळखायचं काम त्या बदामाचं. पण श्वास कोंडला, शरीरातच खराब हवा साचली, की ती खबर दुसऱ्या वाटेनं जाते. खालून, मेंदूच्या देठाकडून. ती वाट हिची शाबूत आहे. असे रुग्ण जगात थोडे आहेत, पण त्यांच्यात हे दिसलेलं आहे."

"म्हणजे आता तिला भीती कळायला लागेल?"

"नाही. वाचवायला आली, तेवढीच."

ते खरंच होतं. सेंटरमधून दुपारी जेवायला घरी आले तेव्हा काकांनी मुरमाचा ट्रॅक्टर मागवला होता. मजूर घमेल्यांनी हौद बुजवत होते. अम्मा अगदी काठावर उभी राहून, वाकून आत बघत होती. "इथंच झालं बघ मला ते," ती मजुरांना दाखवत होती. एक पाय काठाच्या बाहेर.

काकांनी जाऊन तिला दंडाला धरून मागं आणलं, स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, आणि शेडच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. मुरूम पडत होता, धूळ उडत होती. शेजारचे माग खडखडत होते.

"काल ती आली होती," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"माझी. आधीची. थोडा वेळ का होईना, आली होती. आणि मी नव्हतो." त्यांनी धोतराच्या टोकानं तोंडावरची धूळ पुसली. "तू होतीस. कशी दिसत होती गं?"

मी सांगितलं. डोळे कसे झाले होते, दात कसे वाजत होते, मला कशी धरून बसली होती, सोडत नव्हती. ते मान हलवत होते. "व्हय. अशीच धरायची. अशीच." मग म्हणाले, "काही बोलली?"

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकांसमोर सांगायची नव्हती, आणि अम्मालाही ती आठवत होती की नाही, ठाऊक नाही. तिला गल्लीतल्या कुणाचंच नाव येत नव्हतं. मलाही ती शेवटपर्यंत बाळच म्हणाली.

"शिडीवरून पाय घसरत होता ना," मी म्हणाले, "तेव्हा ती तुम्हाला हाक मारत होती. नाव घेऊन."

त्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

"माझं नाव?"

"तुमचं. पुन्हा पुन्हा."

मजुरांनी आणखी एक घमेलं ओतलं. आतून अम्मानं विचारलं, जेवायला वाढू काय, आणि त्यांनी हो म्हणून सांगितलं. पण उठले नाहीत.

"मी त्या वेळी कांदे निवडत होतो," ते म्हणाले. "मोठे नकोत, मध्यम द्या, म्हणून भांडत होतो."